दुकानाच्या काचा, छताचा उजेड आणि ऊर्जा संहिता : सूट कोणाला, लेबल कशाचे?

कपिलधार (जि. बीड) : कापडाच्या धंद्यात उजेडाला मालाइतकेच महत्त्व आहे. गिऱ्हाईक थान हातात घेते आणि रंग पाहण्यासाठी दुकानाच्या दाराशी जाते, हे प्रत्येक दुकानदाराने पाहिलेले आहे. शिलाईचे काम करणारा कारागीर मशीन खिडकीजवळ ओढतो. जरीकाम व भरतकाम करणाऱ्यांचे डोळे तर उजेडावरच टिकतात. म्हणून आपण दुकानाला मोठी काच बसवतो आणि कारखान्याच्या छतात दोन-चार पारदर्शक पत्रे टाकतो. पण त्याच काचेतून उन्हाळ्यात आग आत येते, एसीचे बिल वाढते आणि शोकेसमधला माल विटतो.

अलीकडे बाजारात काच विकणारे आणखी दोन शब्द बोलू लागले आहेत. एक म्हणजे "या मालाला सरकारी नियमातून सूट आहे" आणि दुसरा म्हणजे "ही लेबलची काच आहे". या दोन्ही शब्दांचा नेमका अर्थ माहीत नसेल तर दुकानदाराचे नुकसान ठरलेले. सबब या लेखात आम्ही ऊर्जा संहितेत खिडक्या व छतावरच्या काचांबद्दल काय लिहिले आहे, सूट कुठे व का दिली आहे आणि लेबल कसे वाचावे, हे साध्या भाषेत मांडत आहोत.

संहिता कशी आली?

केंद्र सरकारने २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा केला. त्या कायद्यानुसार मार्च २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. फ्रीज, एसी, पंखे यांच्यावर जे ताऱ्यांचे लेबल दिसते ते याच ब्युरोचे. बाजारात त्याला बीईई म्हणतात. याच ब्युरोने २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली. तिचे इंग्रजी लघुनाव ईसीबीसी असे आहे. २०१७ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. डिसेंबर २०१८ मध्ये राहत्या इमारतींसाठी "इको निवास संहिता" आली. २०२२ साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन व शाश्वत इमारत संहिता या नावाने नवी आवृत्ती आली.

या लेखातील आकडे मुख्यतः २०१७ च्या संहितेचे आहेत. तत्त्व समजण्यासाठी ते पुरेसे आहेत. नवीन बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेताना मात्र त्या दिवशी लागू असलेले कोष्टक वास्तुशिल्पकाकडून मागून घ्यावे. संहिता केंद्राची असली तरी तिची अंमलबजावणी राज्य सरकार व स्थानिक संस्था यांच्यामार्फत होते आणि राज्याला तीत स्थानिक हवामानाप्रमाणे बदल करता येतात.

आपले दुकान संहितेत येते का?

२०१७ च्या संहितेची हद्द विजेच्या भारावर ठरते. ज्या व्यापारी इमारतीचा जोडलेला भार १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक आहे, अथवा वीज कंपनीशी ठरलेली मागणी १२० केव्हीए किंवा त्याहून अधिक आहे, तिला संहिता लागू होते. राहत्या इमारतींच्या २०१८ च्या संहितेची हद्द भूखंडावर होती. ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारती तीत येत होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने राज्यांना ही भाराची मर्यादा खाली आणण्याचा अधिकार दिला आहे.

आता आपला हिशोब करू. दीड टनाचे दोन एसी, वीस-पंचवीस दिवे, पाच-सहा पंखे आणि एक संगणक असे कापडाचे दुकान धरले तर भार पाच-सहा किलोवॅटच्या आसपास जातो. कपिलधारच्या रस्त्यावरील, मांजरसुंब्याच्या चौकातील किंवा बीडच्या पेठेतील बहुतेक दुकाने याच मापाची आहेत. म्हणजे संहितेने ती मोकळी सोडली आहेत.

मग हा लेख वाचण्याचा फायदा काय, असे कोणी विचारील. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, आपले दुकान मोठ्या व्यापारी संकुलात असेल तर भार संपूर्ण इमारतीचा मोजला जातो आणि संकुलाला संहिता लागू होऊ शकते. दुसरे, शहरात नवीन शोरूम, लॉन किंवा हॉटेल बांधण्याची आपल्या बांधवांची तयारी असते, तिथे १०० किलोवॅटचा आकडा लवकर गाठला जातो. तिसरे कारण सर्वांना लागू आहे. संहितेतील आकडे उन्हाच्या अभ्यासावर बेतलेले आहेत. कायद्याने आपल्याला मोकळे सोडले तरी मे महिन्याचे ऊन आपल्याला मोकळे सोडत नाही, आणि विजेचे बिल आपल्यालाच भरायचे असते.

तीन आकडे लक्षात ठेवा

काचेची पारख करण्यासाठी संहितेने तीन मापे धरली आहेत. कापडाची पारख जशी वजन, वीण आणि रंगाच्या पक्केपणावर होते, तशीच ही आहेत.

१) यू-फॅक्टर : बाहेर गरम आणि आत थंड असेल तर काच व चौकटीतून किती उष्णता झिरपते, त्याचे हे माप. आकडा जितका लहान तितके चांगले. संहितेच्या कोष्टकात, कसलाही शिक्का नसलेल्या एकेरी साध्या काचेच्या खिडकीचा यू-फॅक्टर ७.१ धरला आहे. संहितेला हवा असलेला जास्तीत जास्त आकडा ३.० आहे. हा आकडा गाठण्यासाठी साधारणपणे दोन काचांमध्ये हवेचा थर असलेली दुहेरी काच लागते.

२) एसएचजीसी : काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेपैकी किती हिस्सा आत येतो, त्याचे हे माप शून्य ते एक असे असते. ०.८२ म्हणजे रुपयातले ८२ पैसे ऊन आत आले. साध्या एकेरी काचेचा आकडा संहितेने हाच धरला आहे. आपल्यासारख्या उष्ण मुलखात पूर्व, पश्चिम व दक्षिण दिशांच्या खिडक्यांसाठी संहितेची मर्यादा ०.२७ आहे. उत्तरेच्या खिडकीला, १५ अक्षांशाच्या वर, ०.५० पर्यंत मुभा आहे.

३) व्हीएलटी : काचेतून दिसणारा उजेड किती येतो, त्याचे हे माप. इथे मर्यादा उलटी आहे. उजेड किमान ०.२७ तरी आला पाहिजे. काळी कुळकुळीत काच लावून ऊन अडवले आणि दिवसा दिवे लावावे लागले, तर त्यात बचत कसली?

याशिवाय खिडक्यांचे एकूण क्षेत्र बाहेरच्या सर्व भिंतींच्या क्षेत्राच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे संहिता सांगते. हे प्रमाण एकट्या दर्शनी भिंतीवर मोजायचे नसून सर्व बाह्य भिंती मिळून मोजायचे असते.

आपल्या भागात कोणता आकडा मोठा?

काचवाला बहुधा यू-फॅक्टरची तारीफ करतो, कारण थंड देशांत तोच महत्त्वाचा असतो आणि माहितीपत्रके तिकडच्या धर्तीवर छापलेली असतात. आपल्याकडे हिशोब वेगळा लागतो. तो करून पाहू.

समजा दुकानाला पश्चिमेकडे ३ चौरस मीटरची काच आहे. बाहेर ४२ अंश, आत एसी लावून २६ अंश, म्हणजे फरक १६ अंशांचा. दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडते असे धरू.

साध्या एकेरी काचेतून झिरपणारी उष्णता : १६ × ७.१ × ३ = सुमारे ३४० वॅट.
संहितेच्या मापाच्या काचेतून : १६ × ३ × ३ = सुमारे १४५ वॅट.
बचत सुमारे १९५ वॅट.

आता उन्हाचे पाहू. साध्या काचेतून : ६०० × ०.८२ × ३ = सुमारे १,४७५ वॅट.
संहितेच्या काचेतून : ६०० × ०.२७ × ३ = सुमारे ४८५ वॅट.
बचत सुमारे ९९० वॅट.

म्हणजे यू-फॅक्टर सुधारल्याने जी बचत झाली, तिच्या पाचपट बचत एसएचजीसी सुधारल्याने झाली. ज्याच्याजवळ दोन्हीसाठी पैसे नाहीत त्याने आधी ऊन अडवावे. ऊन अडवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय बाहेरून सावली करणे हा आहे. संहिताही छज्जाला हिशोबात धरते. छज्जा भिंतीतून जितका पुढे आला, त्याला खिडकीच्या उंबऱ्यापासून छज्जाच्या तळापर्यंतच्या उंचीने भागायचे. उंची सहा फूट आणि छज्जा तीन फूट असेल तर उत्तर ०.५ येते. हा आकडा जितका मोठा, तितकी काचेच्या मर्यादेत सवलत मिळते. दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा चांगला उपयोगी पडतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येऊन छज्जाखालून आत शिरते, म्हणून तिथे उभी फळी, जाळी किंवा बाहेरून चिक लावावा. पडदा आतून लावला तर ऊन काचेच्या आत आल्यानंतर अडते. तोपर्यंत उष्णता खोलीत आलेली असते.

छतावरची काच व पारदर्शक पत्रे

आपल्या मराठवाड्यातील माळवदाच्या जुन्या घरांना छतात एक लहान सवणे ठेवलेले असे. धूर बाहेर जाई आणि चुलीपुरता उजेड आत येई. ते लहान का ठेवत, याचे उत्तर सूर्याच्या मार्गात आहे. कपिलधार सुमारे १९ अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन झेलतो तो आपला छत. भिंतीच्या खिडकीला छज्जा करता येतो, छताच्या काचेला तो करता येत नाही.

म्हणून संहितेने छतावरच्या काचेला वेगळी व कडक मर्यादा घातली आहे. २०१७ च्या संहितेत यू-फॅक्टर जास्तीत जास्त ४.२५ आणि एसएचजीसी जास्तीत जास्त ०.३५ आहे. क्षेत्र छताच्या एकूण क्षेत्राच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. क्षेत्र मोजताना चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचे.

पाच टक्के म्हणजे किती? ४० फूट लांब व २५ फूट रुंद पत्र्याचा कारखाना धरा. छत १,००० चौरस फुटांचे झाले. त्याचे ५ टक्के म्हणजे ५० चौरस फूट. दहा फूट लांब व साडेतीन फूट रुंद पत्रा ३५ चौरस फुटांचा असतो. म्हणजे दीड पत्र्यात मर्यादा संपली. आपल्याकडे अशा कारखान्यात चार ते सहा पत्रे टाकण्याची पद्धत आहे, म्हणजे १४ ते २१ टक्के.

एका पत्र्याच्या जागी साधी काच असेल तर किती उष्णता येते तेही पाहा. ३५ चौरस फूट म्हणजे सुमारे सव्वातीन चौरस मीटर. दुपारी आडव्या छतावर ९०० वॅट ऊन धरले आणि एसएचजीसी ०.८ धरला, तर सुमारे २,३०० वॅट उष्णता खाली उतरते. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्या एका तुकड्याने टनाचा दोन-तृतीयांश भाग खाल्ला. ०.३५ ची काच असती तर हाच आकडा सुमारे १,००० वॅटवर आला असता.

जुन्या कापड गिरण्यांनी यावर चांगली युक्ती काढली होती. मुंबईच्या गिरणगावातील शेडची छते करवतीच्या दातांसारखी असत. दाताची उभी बाजू उत्तरेकडे ठेवून तिला काच बसवत आणि उतरती बाजू बंद ठेवत. उत्तरेचा उजेड मऊ व एकसारखा असतो, त्यात थेट ऊन फार कमी येते. सुताचा दोष आणि रंगातला फरक ओळखण्यास तोच सोयीचा. आज नवीन शेड बांधणाऱ्याने छतात आडवे पारदर्शक पत्रे टाकण्याऐवजी उत्तरेच्या भिंतीत वर उंच खिडक्यांची रांग ठेवली, तर उजेडही मिळेल आणि आगही कमी येईल. संहिता उत्तरेच्या काचेला जास्त मुभा देते, ती याच कारणाने.

इथे एक इशारा देणे जरूर आहे. फायबरचा जुना पत्रा धुळीने माखला की वरून सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसतो. गळती काढायला चढलेला कामगार त्यावर पाय देतो आणि खाली पडतो. पत्र्याखाली जाळी बसवावी आणि वर चढताना फळी टाकल्याशिवाय कोणाला पाऊल ठेवू देऊ नये. कामगाराच्या जिवाची जबाबदारी मालकावर आहे.

सूट कोणाला व का?

आता सूट या शब्दाकडे येऊ. संहितेत ज्या सवलती आहेत, त्या प्रत्येकीला अट जोडलेली आहे.

१) तात्पुरते छत : एसी नसलेल्या जागेवरील तात्पुरत्या छतात किंवा मांडवात पारदर्शक भाग असेल, तर त्याला छताच्या काचेचे नियम लागू होत नाहीत. कार्तिकात संत मन्मथस्वामींच्या यात्रेला कपिलधार येथे महाराष्ट्र व कर्नाटकातून भाविक येतात आणि शाली, चादरी, बांगड्या, खेळणी यांची दुकाने लागतात. त्यावर टाकलेले पारदर्शक कापड किंवा पत्रा याच प्रकारचा आहे. यात्रा संपली की मांडव उठतो, म्हणून सूट. तोच पत्रा पक्क्या शोरूमवर कायमचा ठोकला व खाली एसी लावला, तर ही सूट त्याला लागू होत नाही.

२) एसी नसलेली जागा : जिथे यंत्राने हवा थंड केली जात नाही तिथे उभ्या खिडकीचा यू-फॅक्टर ५.० पर्यंत चालतो. उघड्या खिडकीतून हवा खेळत असेल तर दुहेरी काचेवर खर्च करण्यात अर्थ नाही. एसएचजीसी व उजेडाची अट मात्र कायम राहते, कारण ऊन तिथेही आत येतेच.

३) उंचावरची खिडकी : जमिनीपासून २.२ मीटरपेक्षा वर असलेल्या खिडकीला एसएचजीसीच्या मर्यादेतून सूट मिळू शकते. अट अशी की खिडकीच्या तळाशी आतून ठरावीक रुंदीची आडवी फळी असावी, जी ऊन अडवून उजेड छताकडे परतवील, आणि त्या बाजूच्या काचेचे एकूण प्रमाण मर्यादेत असावे.

४) जुन्या चौकटीत नवी काच : जुन्या इमारतीत चौकट तीच ठेवून फक्त काच बदलली, तर नवी काच जुन्यापेक्षा वाईट नसावी इतकेच पाहिले जाते. म्हणजे यू-फॅक्टर व एसएचजीसी आधीइतके किंवा कमी असावेत.

५) उत्पादनाची यंत्रे : २००७ च्या संहितेने कारखान्यातील उत्पादनासाठी लागणारी यंत्रे व त्यापुरता यंत्रणेचा भाग बाहेर ठेवला होता. मागाने किती वीज खावी हे इमारतीची संहिता ठरवत नाही.

याखेरीज कोष्टकाप्रमाणे एक एक मर्यादा पाळण्याऐवजी संपूर्ण इमारतीचा वर्षाचा वीजखर्च मोजून दाखवण्याचा मार्गही संहितेत आहे. तिथे छताची काच ५ टक्क्यांहून जास्त ठेवता येते, पण ती तूट दुसरीकडे भरून काढावी लागते.

परदेशातही अशीच रीत आहे. अमेरिकेत अनेक राज्ये जी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संहिता मानतात, तीत प्रत्येक घराला १५ चौरस फुटांपर्यंतची काच नियमातून वगळता येते. रंगीत नक्षीची काच, दारावरची गोल खिडकी असा कलाकुसरीचा माल त्या जागेत बसतो. ऐतिहासिक इमारतींनाही सवलत आहे. कारागिरांनी यातून ध्यानात घ्यावे की नक्षीच्या काचेला कायदा बंदी करत नाही, तिचे क्षेत्र लहान ठेवण्यास सांगतो. जुन्या वाड्यांच्या दारांवर रंगीत काचेच्या पट्ट्या असत, त्याही लहानच होत्या.

लेबल कसे वाचावे?

संहिता सांगते की यू-फॅक्टर चौकटीसह पूर्ण खिडकीचा असावा, आयएसओ १५०९९ या पद्धतीने काढलेला असावा, मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रयोगशाळेने ठरवलेला असावा आणि त्यावर उत्पादकाचे लेबल किंवा प्रमाणपत्र असावे. छताच्या काचेचा यू-फॅक्टर २० अंश उतारावर धरून काढतात.

लेबल नसेल तर काय? तर संहिता तो माल नाकारत नाही, पण कोष्टकातले ठरीव आकडे लावते, आणि ते आकडे मालाच्या विरुद्ध बाजूने धरलेले असतात. वर सांगितलेले ७.१ व ०.८२ हे तसलेच. म्हणजे चांगली काच विकत घेतली पण कागद घेतला नाही, तर हिशोबात ती साधी काच ठरते. मालाचा पैसा गेला आणि फायदा बुडाला.

लेबल पाहताना पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला, हा आकडा फक्त काचेचा आहे की चौकटीसह पूर्ण खिडकीचा? ॲल्युमिनियमची साधी चौकट उष्णता झपाट्याने वाहून नेते. फक्त काचेचा यू-फॅक्टर नेहमी देखणा दिसतो. एसएचजीसी फक्त काचेचा असला तरी संहितेला चालतो.

दुसरा, कागदावर एसएचजीसी लिहिला आहे की एससी? एससी हे जुने माप आहे, त्याला ०.८६ ने गुणावे म्हणजे एसएचजीसी मिळतो. एससी ०.४० असेल तर एसएचजीसी सुमारे ०.३४ येतो.

तिसरा, शिक्का कशाचा आहे? टफन व लॅमिनेटेड काचेवर आयएस २५५३ चा शिक्का असतो, तो काच फुटताना इजा कमी करते याचा आहे. उष्णतेबद्दल तो काही सांगत नाही. छताला व दाराला ही सुरक्षित काच जरूर असावी, पण "आयएसआय आहे म्हणजे थंड आहे" हे बोलणे खोटे आहे. बीईईचे तारे एसीवर असतील तर ते एसीचे आहेत, शेजारच्या काचेचे नव्हेत.

चौथा, बिलावर काय लिहिले आहे? "ब्राऊन काच, ५ एमएम" एवढ्याने काही सिद्ध होत नाही. उत्पादकाचे नाव, मालाचा क्रमांक व तिन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत. आपण कापड विकताना सूत, पन्हा व रंगाची हमी लिहून देतो, मग घेताना का मागू नये?

अमेरिकेत १९८९ साली खिडक्यांच्या मापासाठी एनएफआरसी ही स्वतंत्र परिषद स्थापन झाली, आणि तिचे लेबल खिडकीवर चिकटवलेले असते. त्यावरही यू-फॅक्टर, एसएचजीसी व उजेड हेच आकडे असतात. आयात मालावर ते दिसले तर वाचता यावे. मात्र तिकडच्या लेबलवरील यू-फॅक्टर बहुधा इंग्रजी मापात असतो. त्याला ५.६८ ने गुणल्यावर आपला आकडा मिळतो. ०.३० पाहून भुलू नये, तो आपल्या मापात सुमारे १.७ आहे.

कापडाचा रंग आणि काच

हा भाग आपल्या धंद्याचा खास आहे. कापड विटण्यास अतिनील किरण, दिसणारा उजेड, उष्णता व दमटपणा ही सर्व कारणे मिळून जबाबदार असतात. त्यात अतिनील किरणांचा वाटा मोठा. साधी काच या किरणांचा बराच भाग आत येऊ देते. लॅमिनेटेड काचेतील प्लॅस्टिकचा थर त्यांपैकी सुमारे ९९ टक्के अडवतो. म्हणून शोकेसला लॅमिनेटेड काच दुहेरी फायद्याची आहे. पण दिसणाऱ्या उजेडानेही रंग उडतो, त्यामुळे कोणतीही काच असो, शोकेसमधला माल दर आठवड्याला बदलावा.

रंगाचा उन्हातील पक्केपणा १ ते ८ या निळ्या लोकरीच्या मापावर सांगतात. १ म्हणजे फार कच्चा, ८ म्हणजे फार पक्का. गिरणीकडून माल घेताना हा आकडा विचारावा आणि कच्च्या रंगाचे थान काचेपासून दूर ठेवावे.

रंगीत काचेबद्दलही सावध राहावे. तपकिरी किंवा हिरव्या काचेतून आलेला उजेड कापडाचा रंग बदलून दाखवतो. गिऱ्हाईक दुकानात मोरपंखी म्हणून नेते आणि घरी तो निळा निघतो. माल परत येतो आणि दुकानदाराच्या शब्दावरचा विश्वास जातो. शिवाय रंगीत काच ऊन शोषून स्वतः तापते व त्यातली काही उष्णता आत सोडते. लेबल नसलेल्या एकेरी रंगीत काचेचा एसएचजीसी संहितेने ०.७० धरला आहे. म्हणजे गडद दिसते त्या मानाने ती ऊन फारसे अडवत नाही. उजेड जास्त व ऊन कमी येऊ देणारा पातळ लेप असलेली फिक्या रंगाची काच मिळते, कापडाच्या दुकानाला ती योग्य. घेण्यापूर्वी तुकडा मागून त्यामागे पांढरी मलमल धरून पाहावी.

करावयाच्या गोष्टी

तात्पर्य, दुकानदार व कारागीर बांधवांनी पुढील क्रमाने काम करावे. खर्च कमी असलेले वर दिले आहेत.

१) छताची व खिडकीची काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ ठेवा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १७ मध्ये कामाच्या खोलीच्या काचा व छतावरच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवण्याचा हुकूम होता. तो कायदा पुढे २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण धूळ उजेड खाते ही गोष्ट बदललेली नाही.
२) पश्चिम व दक्षिणेच्या काचेवर बाहेरून सावली करा.
३) पत्र्याच्या छताला उन्हाळ्यापूर्वी पांढरा लेप द्या. पारदर्शक पत्रे मोजा आणि जास्तीचे असतील तर पुढच्या दुरुस्तीत साधे पत्रे टाका.
४) पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवताना अतिनील किरण अडवणारी बाजू वर आहे याची खात्री करा. ती फिल्मवर छापलेली असते. उलटा बसवलेला पत्रा लवकर पिवळा पडून तडकतो.
५) नवीन काच घेताना तिन्ही आकडे बिलावर लिहून घ्या.
६) नवीन इमारतीचा भार १०० किलोवॅटकडे जात असेल तर पाया खोदण्यापूर्वीच वास्तुशिल्पकाला संहितेबद्दल विचारा. काच बसल्यानंतर बदलणे फार महाग पडते.
७) कोणी "सूट आहे" म्हणाले तर सूट कोणत्या अटीवर आहे ते विचारा. तात्पुरत्या मांडवाची सूट पक्क्या दुकानाला दाखवून माल विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

आपल्यातले जे बांधव काच, ॲल्युमिनियम व पत्र्याचे काम करतात, त्यांनाही आमची विनंती आहे. हे तीन आकडे शिकून घ्या आणि गिऱ्हाईकाला खरे सांगा. जो कारागीर पश्चिमेच्या भिंतीला कोणती काच व उत्तरेला कोणती, हे हिशोबासह सांगू शकतो, त्याच्याकडे काम आपोआप येते. शहरातील मोठ्या इमारतींची कामे यापुढे कागदावर चालणार आहेत, आणि ज्याला लेबल वाचता येते त्यालाच ती मिळतील.